शिल्लक

गुरुवारी दुसरी पाळी सुटल्यावर
मिरकरवाड्याच्या जाळी विणायच्या शेडमध्ये सभा भरली.
माणसं मोजायचं काम माझं, आणि लिहायचंही,
कारण अक्षर माझं बरं.
एकेचाळीस.
दारात उभ्या कंत्राटी पोरी धरल्या नाहीत.

शिवलकरांनी पत्र वाचलं चष्मा कपाळावर ठेवूनच,
म्हणजे पाठच होतं:
पंचेचाळिसाच्या वरची अर्जित रजा एकतीस मार्चला बुडणार,
नाहीतर कंपनी विकत घेईल, मूळ पगाराच्या दराने.
शिवाय मासेमारी बंदीचे दोन महिने
कोळंबी नाही, काम नाही,
तर ते दिवस आमच्याच रजेतून वळते.

"म्हणजे दर्या बंद केला सरकारनं
नि सुट्टी घेतली मी?"
रेहाना वस्ता म्हणाली.
हशा झाला.
मी लिहिलं: चर्चा झाली.

मग सगळेच एकदम.
पॅकिंगचा सुर्वे म्हणाला, पैसे घ्या नि मोकळे व्हा,
दिवस काय तव्यावर टाकून खायचेत?
यशोदा खडपे म्हणाली, मला दिवसच हवेत,
पालखी दारात येते नि मी इथं
कोळंबीची डोकी मोडत बसते.
शिमग्याला सगळ्यांनाच हवी रजा, मागून कुणीतरी,
मग बर्फ कोण फोडणार?
बर्फाला काय कळतोय शिमगा!
शिवलकर टेबलावर किल्ली आपटत म्हणाले,
एकेकानं बोला, इतिवृत्त चाललंय.

विलणकरमामा शेवटच्या बाकावर.
कंप्रेसर रूमला सव्वीस वर्षं, त्यामुळे ऐकू कमी.
नावावर एकशे एकसष्ट दिवस.
मामा, एवढी साठवलीत कशाला?
"साठवतोय कुठला गो.
जावचा कुठं ता सुचलाच नाय."
हे मी लिहिलं नाही.

माझे त्र्याहत्तर.
वहीच्या मागल्या पानावर मी ते मांडायला घेतले:
आई गेली त्या दिवशी अर्धाच टाकला होता,
म्हणजे त्यातला अर्धा अजून शिल्लकच की.
केतकीचा दहावीचा निकाल.
फोन वाजला तेव्हा हातमोजे ओले होते.
दाढ ठणकत होती तो मंगळवार.
चौथा आठवेना.
बाकीचे रजिस्टरात आहेत,
माझ्याकडे नाहीत.

उणे अठराला ठेवली तर कोळंबी दोन वर्षं टिकते.
पाकिटावर तशी तारीखही असते.

तेवढ्यात दारातली एक पोरगी, बोटांना चिंध्या गुंडाळलेली,
म्हणाली, आमची किती?
शिवलकरांनी चष्मा डोळ्यांवर घेतला.
तुमचा ठेकेदार वेगळा, हजेरी वेगळी,
तुम्ही संघटनेच्या कक्षेत
म्हणजे तांत्रिकदृष्ट्या…
तिनं मान हलवली,
चहा नको म्हणताना हलवतात तशी.

मामा उठले. बाक करकरला.
"माझ्यातले शंभर या पोरींत वाटा."
तशी तरतूद नाही, मामा.
"काय म्हणतोस?"
तरतूद नाही!
"मग मांड."

कुणी बोलेना. बाहेर ट्रॉलरवरून
कुणीतरी पाण्यात बादली सोडली, तेवढा आवाज.
मग रेहानाचा हात. मग यशोदाचा.
सुर्वेचा कोपरापर्यंतच, खाज सुटल्यासारखा.
माझ्या हातात पेन होतं,
पेनासकट वर केला.

ठराव क्रमांक चार.
बहुमत की एकमत, यावर आणखी पाऊण तास गेला.
पोरी तोवर शेवटच्या रिक्षानं निघून गेल्या होत्या.
व्यवस्थापनाचं उत्तर यायचं आहे.

सोमवारी मी रजेचा अर्ज दिला. एक दिवस.
'कारण' या रकान्यात काही लिहिलं नाही.
दुपारच्या आत टाइम ऑफिसातून परत आला,
कोऱ्या रकान्याभोवती लाल गोल.

मी लिहिलं: आहे.