यारमथच्या कोर्टात मिझेली

साहेब, तुमच्या त्या बाईनं
अंगठी काढून पिशवीत टाकली होती,
पण बोटावरचा गोरा वळ काही निघत नाही.
मी म्हटलं, घरी नवरा आहे,
आणि उभं राहून राहून पाय भरून येतात.
ह्याला भविष्य म्हणायचं?
तिनं सहा पेन्स मोजले आणि शिट्टी फुंकली.

आमच्या आजीच्या आजीलाही ह्याच पायी हाकललं.
सहा राण्या करणाऱ्या राजाचा कायदा :
हात बघत हिंडणाऱ्यांनी देश सोडावा.
लॅटिनमधून हात बघणारेही होते तेव्हा.
त्यांना नाही कुणी घोड्याला चाबूक मारायला लावला.

अंगठ्याच्या पायथ्याशी शुक्र,
मधल्या बोटाखाली शनी, करंगळीखाली बुध.
थंडीत गाडीच्या चाकाला टेकून
आजी एवढं आभाळ माझ्या मुठीत कोंबायची
आणि चुकलं की मुठीवरच फटका.

पण शोनागचं सांगते. ती तुमच्या कागदात नाही.
वरच्या बेटांवरची पोर, हेरिंग साफ करते धक्क्यावर,
बोटांना पिठाच्या पोत्याच्या चिंध्या.
त्या सोडवायला तिला इतका वेळ लागला
की माझा चहा निवला.

तळहाताच्या फोडासारखं जपावं म्हणतात.
हिच्या तळहातावर नुसते फोड,
फोडांत मीठ.
आयुष्यरेषा कुठली, सुरीची कुठली,
तीस वर्षं हात बघतेय, मला उमगेना.
तिला विचारायचं होतं कालुमच्या होडीचं.
मी हंसाची चरबी काढली, चोळत बसले.

ती म्हणाली, "गप्प आहेस, म्हणजे वाईट आहे."
मी म्हटलं, "म्हणजे मीठ आहे, बये."
पैसे घेतले नाहीत. लिहून घ्या हवं तर.

दंड पंचवीस शिलिंग? भरते.
तुम्ही हात टेबलाखाली नेलात, साहेब,
न्या. मी बघत नव्हते.

फक्त लवकर सोडा.
सकाळी इकडे येताना बंदरावर तार ऐकली.
त्या होडीचं आता सगळ्या धक्क्याला ठाऊक आहे,
पिंपं भरत वाकलेल्या एकीला सोडून.
दुपारी ती चिंध्या सोडत माझ्यासमोर बसेल.
तिचं पुढचं मला आज पहिल्यांदाच
नक्की माहीत आहे.

ते सांगितलं तर
कुठलं कलम लागतं?