डावी बाजू

कागदोपत्री ती पांढरी मारुती आहे, चौऱ्याण्णवची.
आरटीओतल्या साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवून
एकदा पुस्तकाकडे पाहिलं, एकदा लाल फायबरकडे,
चेसिसवरचा नंबर तीनदा वाचला
आणि म्हणाले, इंजिन तर तेच दिसतंय. न्या.

फोटो एकच होता आमच्याकडे.
पैलाडच्या टायरवाल्याच्या भिंतीवर
कॅलेंडरातलं जूनचं पान, वर्ष कधीचं संपलेलं.
गाडी उजवीकडून काढलेली. बुटकी, चंदेरी,
जमिनीला कान लावून काहीतरी ऐकणारी.
शेजारी टोपी घातलेला एक गोरा माणूस.

इसाक मिस्त्रीने त्या टोपीवरून चाकाचा अंदाज काढला,
टोपीवरून दाराचा, दारावरून लांबीचा.
मग म्हणाला, देवरे भाऊ, डावीकडून कशी असते ही?
मी म्हटलं, मला काय ठाऊक. मी कवळ्या बनवतो.

तो टाक्या बनवायचा. पाण्याच्या. हजार लिटर, दोन हजार लिटर.
धुळे रोडच्या शेडमध्ये रेझिनचा वास
दीड उन्हाळा माझ्या शर्टातून गेला नाही.
उजवी बाजू त्याने फोटो बघून केली,
डावी, डोळे मिटून.
हाताला गोलाईची सवय, म्हणून डावा खांदा जरा भरलेला,
घास तोंडात ठेवून बोलायचं थांबल्यासारखा.
मागचा भाग फोटोत नव्हताच. तो त्याने
दारातल्या जाफराबादीकडे बघून उरकला.

चौकात पोरं विचारतात,
हाई खरी शे का? कितलानी पडनी?
येले छत नही का?
मे महिन्यात फायबर फुगतं, दार उघडत नाही.
साठीचा मी, धोतर नसलं तरी धोतर सावरल्यासारखा
भिंत ओलांडून आत उतरतो,
आणि सीट चटका देते ती अस्सल.

चाळीस वर्षं खोटे दात बसवतोय.
सोनवणे गुरुजींना पहिल्यांदा आरसा दिला
तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले,
माझे इतके सरळ कधीच नव्हते रे.
दुसऱ्या दिवशी भुईमुगाच्या शेंगा फोडत आले.

एकदा पुण्याहून एक जण आला,
त्याच्या घरी म्हणे खरी आहे, गादीवर झाकून.
त्याने दिव्यावर टिचकी मारली, बॉनेटवर मारली,
टपरीच्या पत्र्यासारखा आवाज ऐकून समजुतीने हसला.
मग चालत डावीकडे गेला
आणि तिथेच उभा राहिला. चहा निवला.
ही बाजू, म्हणाला, कुठल्या सालच्या मॉडेलची?
मी म्हटलं, अमळनेरची.

मंदाकिनी नेहमी डावीकडे बसते.
या पैशात न्हाणीघरावर स्लॅब पडला असता
हे ती चोपड्याच्या रस्त्याला लागेपर्यंत सांगते.
मग केळीच्या ट्रकमागे आम्ही इतके खाली असतो
की आमच्या डोक्यावर घडांची देठं हलतात.
सावखेड्याच्या पुलावर ट्रक बाजूला होतो,
मारुतीचं इंजिन आपल्या वयाला न शोभेल असं ओरडतं,
साठ, सत्तर, बहात्तर,
ती स्कार्फ दातांत धरते
(दात तिचेच, अजून सगळे)
आणि बाहेर हात काढून
त्या फुगलेल्या खांद्यावर ठेवते, म्हशीला थोपटावं तसा.

इसाक गेल्याला तीन वर्षं झाली.
पोरगा फक्त टाक्या करतो, ऑर्डरप्रमाणे.
साचा फोडायला लागला होता, मी नको म्हटलं.
आता तो शेडमागे उताणा पडलेला असतो,
पाण्याने काठोकाठ.
संध्याकाळी म्हशी येतात,
गाडीच्या आकाराचं पाणी पितात
आणि का कोण जाणे,
सगळ्या त्याच बाजूने.