मधली गाठ

काडिकॉयला, वर माशांचा बाजार
आणि खाली तळघरात आमचा स्टुडिओ.
नेजदेत उस्ता आला तेव्हा हिवाळा होता.
बाग्लामा त्याने ओव्हरकोटाच्या आत धरलेली,
तान्ह्या पोराला वारा लागू नये तशी,
आणि तो स्वतः कुडकुडत होता.

चहा नको म्हणाला. आधी पैसे विचारले.
तासाचे की गाण्याचे?
गाण्याचे, इल्गिन म्हणाली.
मग गाणं छोटं असू दे, तो म्हणाला.

गाणं तिचं, साडेतीन मिनिटांचं.
खाली सिंथेसायझरचा जाड बेस,
वर तिचा आवाज, नुकत्याच पुसलेल्या काचेसारखा,
आणि मधे एक मोकळी खोली,
सहा महिने तिने कुणालाच भाड्याने दिली नव्हती.

उस्ताने वाद्य मांडीवर घेतलं.
मानेवर पडदे, गळाच्या दोरीने बांधलेले.
"बाग्लामा म्हणजे बांधलेली.
गाठी आहेत म्हणून सरकतात.
तुमचा पियानो बिचारा,
जन्मभर पांढरं की काळं, एवढंच विचारतो."

मग त्याने ती मधली गाठ दाबली.
कोमल रिषभ नव्हे, शुद्धही नव्हे,
दोघांच्या सामाईक भिंतीत
कुणीतरी राहत होतं.

मी, ज्याला स्वच्छतेचा पगार मिळतो,
सवयीने बटण दाबलं.
यंत्राने सूर उचलला, झटकला,
जवळच्या पट्टीवर नीट बसवला,
शाळेच्या फोटोत खांदे धरून सरळ करतात तसा.

काचेपलीकडे म्हातारा थांबला.
खुंट्या पिळल्या. पुन्हा वाजवलं. पुन्हा ऐकलं.
आणि हेडफोन काढून म्हणाला,
"हा कोण वाजवतोय?"

मी बटण बंद केलं.

पण खरी भानगड पुढे होती.
यंत्राच्या वहीत चार-चार चौकोन,
आणि त्याचा ठेका नऊचा:
दोन, दोन, दोन, तीन.
दोन, दोन, दोन, तीन.
आमच्याकडे ह्या ठेक्याला लंगडा म्हणतात.
लंगडत नाही तो, लंगडी घालतो.
पाय उचलून धरलेला, नजर समोरच्या गड्यावर,
आणि शेवटच्या घरात एक श्वास जास्तीचा.

इल्गिनने ड्रमच्या सगळ्या रेघा पुसल्या.
रात्रभर आम्ही यंत्राला मोजायला शिकवत होतो,
म्हातारा तिनाला टाच आपटून दाखवायचा,
आणि पहाटे वर बर्फ फोडणाऱ्या मासेवाल्याचा घणही
आम्हाला नऊतच ऐकू येऊ लागला.

जुलैत गाणं सुटलं.
बोटीवर, न्हाव्याकडे, कलिंगडांच्या ट्रकवर.
इझमिरकडच्या कुठल्याशा लग्नाचा व्हिडिओ आला:
शहरातली पोरं नवव्या मात्रेला अडखळली,
एकमेकांवर आपटली, खिदळली,
आणि नवरीची जाडजूड मावशी
कुणी न बोलावता मधे आली,
घारीसारखे हात पसरून गुडघा टेकवून उठली.
तिला हे गाणं नवीन आहे
हेच कुणी सांगितलं नव्हतं.

ऑगस्टात उस्ताचा फोन, बुर्दुरहून.
मी कौतुक झेलायच्या तयारीत.
"ऐकलं बसमध्ये," तो म्हणाला.
"दुसऱ्या कडव्यानंतर ती मधली गाठ
केसभर खाली आहे.
आणि टॅक्सीचे राहिलेत."

टॅक्सीचे पाठवले.
मग दार लावून, बेस, ड्रम, इल्गिन, सगळं मिटवून
त्याची एकटीची तार ऐकली.

केसभरच. पण होती.

काल पावाच्या भट्टीवरचा पोऱ्या
टोपल्या रचता रचता शीळ घालत होता,
नेमकी तेवढीच खाली.