विषय : खुर्ची मिळणेबाबत

माननीय बिपिनभाई,
हा अर्ज मी आधी मराठीत लिहिते आहे,
कारण दुखतं ते मराठीत.
उद्या त्याच्या दोन ओळी इंग्रजीत करीन,
तोंडी विचारलंत तर गुजरातीत सांगेन,
पण गुजरातीत माझी नुसती कमर दुखते.
मराठीत उसण भरते, चमक निघते,
तीननंतर माकडहाडाशी ठणका,
आणि डाव्या पायाला मुंग्या, पार करंगळीपर्यंत.
(उसण म्हटलं की रायसंग हसतो.
त्याला वाटतं, बेनला सेव-उसळ हवी.)

तर खुर्ची.
दोन हजार अकरापासून ती माझ्याकडे आहे.
त्याआधी डिस्पॅचच्या सोलंकींकडे होती,
सोलंकी रिटायर झाले ते कंबरेला पट्टा बांधूनच.
तिच्या पोटातला गॅस गेला आहे.
साडेनवाला मी टेबलाच्या वर असते,
अकराच्या चहाला बरोबरीची,
जीएसटीची जुळणी लागेतो
कीबोर्ड गळ्याशी आलेला असतो.
मग उठायचं, खटका ओढायचा, पुन्हा वर.
परवा मोजलं : एकोणीस वेळा.
विश्वामित्रीला पूर येतो तो पावसाळ्यात.
मी बारा महिने बुडते.

काय काय करून पाहिलं, तेही नमूद करते.
पाठीशी गोधडी, चौघडी करून.
पायाखाली जुनी व्हाउचरं, सुतळीने बांधलेली
(ऑडिटरने मागितली तेव्हा आठवडाभर पाय लोंबकळले).
मॉनिटरखाली व्हॉल्व्हचं खोकं, आपलंच, दोन इंची.

तुम्ही म्हणाल, मारा बापुजी तो गादी पर बेसता,
चाळीस वरस.
बसत असतील. मांडी घालून, लोडाला टेकून,
आणि दुपारी तिथेच आडवे होत.
मला लोड द्या, अर्ज मागे घेते.

घरी सांगितलं, ऑफिसात खुर्ची मागणार आहे,
तर दीर म्हणाले, वा, मॅनेजर होताय वाटतं.
मराठीत ही एक अडचण आहे.
खुर्ची मागितली की माणूस हावरा दिसतो.
मला ती नको. मला बसायला हवी आहे.

शनिवारी अलकापुरीच्या दुकानात गेले.
तिथल्या मुलीने टेप काढला,
गुडघा ते जमीन, कोपर ते मांडी.
ब्लाउजच्या शिंप्याखेरीज माझं माप कुणी घेतलं नव्हतं.
मग तिने मला एका खुर्चीत बसवलं
आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेली.
कंबरेच्या पोकळीत काहीतरी येऊन थांबलं,
कुणी न बोलता तळवा ठेवावा तसं.
अकरा मिनिटं बसले. घड्याळ समोरच होतं.
काही आठवलं नाही, काही सुचलं नाही,
दुखतही नव्हतं.
मग एकदम लाज वाटली, उठले,
किंमत विचारली.
चौदा हजार आठशे, अधिक जीएसटी.
(क्रेडिट मिळेल. पाहून ठेवलं आहे.)

इथे एक ओळ होती :
जमत नसल्यास निम्मे पैसे माझ्या पगारातून कापावेत.
ती खोडली.
खुर्ची मकरपुऱ्यातच राहणार आहे,
पाठ मात्र मी रोज दांडिया बाजारला घरी नेते.

सोबत तीन कोटेशनं.
आपली,
प्रज्ञा फणसे, अकाउंट्स.

ता. क.
रायसंगने विचारलं, नवी आली की जुनी कुणाला?
तो सतरा वर्षं दाराशी स्टुलावर आहे.
त्याने अर्ज केलेला नाही.
त्याला ही बुडणारीसुद्धा चालेल.
म्हणून नग या रकान्यात एकचा दोन करते आहे,
खाडाखोडीवर सही केली आहे.
माप तेवढं राहिलं.
त्याची उंची किती, मला सांगता येणार नाही.
मी आत येते तेव्हा तो नेहमी
अर्धवट उठलेला असतो.