बाहेरच्यासाठी

आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी
मी पोटमाळ्यावरून कमान खाली आणली.
लाकडाची, बाबांनी स्वतः कोरलेली:
दोन खाणकामगार, मध्ये आडवे-उभे हातोडे,
वर सात मेणबत्त्या. आता बल्ब आहेत,
त्यातला एक सदा डोळे मिचकावतो.
डावीकडच्याचं नाक मागच्या वर्षी तुटलं.
आल्मुटनं कणकेचं नवं बसवलं, भाजून.

खिडकीत ठेवताना ती म्हणाली,
आई, उलटी ठेवलीस. तोंडं रस्त्याकडे गेली.
म्हटलं, ती तशीच असते.
घरातल्यांच्या वाट्याला पाठ.
उजेड ज्याला हवाय तो बाहेर आहे.

हे माझं नाही, बाबांचं. त्यांच्याही बाबांचं.
डिसेंबरात ते अंधारात खाली उतरायचे
आणि अंधारातच वर यायचे.
रविवार सोडला तर सूर्य ही ऐकीव गोष्ट.
एर्ट्सगेबिर्गंच्या त्या उतारावर, गुडघाभर बर्फात,
खिडक्या मोजत यायचं;
आपली कुठली, ते पायांना कळायचं.

कथिलाची खाण बंद होऊन तीसच्या वर वर्षं झाली.
तोंडाशी लोखंडी दार, माहितीचा फलक,
उन्हाळ्यात हेल्मेट घातलेले पर्यटक.

आणि आमच्याकडे, पहाटे तीनला,
पायजम्यावर कोट चढवून
बाबा खिडकीशी बसलेले.
अकरा आले, म्हणतात. एक राहिला.
कोण?
वीलांट. बिल्ला अजून खिळ्यावर नाही.

वीलांटकाका वर आले होते, बाबा.
रोजच यायचे. पुढे केम्निट्सला गेले,
छातीच्या आजारात गेले, इस्पितळात, स्वच्छ चादरीवर.
तुम्हीच खांदा दिलात.
बाबांनी माझ्याकडे पाहिलं,
खोटं बोलणाऱ्या पोरीकडे बघावं तसं.

चार डिसेंबरला, संत बार्बराच्या दिवशी,
त्यांनी चेरीची फांदी कापली. कात्री मला देईनात.
लोणच्याच्या बरणीत पाणी, पाण्यात फांदी;
नाताळपर्यंत फुलली तर घराचं भलं.
ती फुलली नऊ जानेवारीला,
फरच्या फांद्यांचं कडं खतात गेल्यावर.

दुसरी मेणबत्ती. तिसरी.
पहिली सगळ्यांत जास्त वाट पाहते,
म्हणून सगळ्यांत बुटकी.
पास्टरीणबाई म्हणाल्या, जो येऊन गेला
त्याचीच आपण अजून वाट पाहतो.
मंडळी माना डोलवत होती.
मी रुमालात नाक शिंकरलं.
आमच्या घरात हे रोज पहाटे तीनला चालतं,
आणि मी ते औषधांच्या डबीनं
बंद करायला बघत होते.

त्या रात्री मी काहीच समजावलं नाही.
शेजारी स्टूल ओढलं. अकरा? अकरा.
थंडी किती आहे बघ, म्हणाले,
आणि आपल्या कोटाची एक बाजू माझ्यावर घातली.
कोटाला कापराचा वास होता.
आम्ही दोघं सात दिव्यांच्या पाठी बघत बसलो.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी
बटाटे उकडत होते, सॉसेज चिरायच्या आत
आल्मुट नाहीशी झाली.
बूट नाहीत, टोपी नाही, सायकलचा दिवाही नाही.
मी दाराकडे धावणार, तेवढ्यात
खिडकीतून बाबांचा आवाज.

वळणावर, बर्फात, एक हलणारा उजेड.
थांबला. वर झाला. पुन्हा चालू लागला.
बाबा उठून उभे राहिले,
कोटाची बटणं लावली, खालपासून वर, सगळी.

बारा, म्हणाले.

मग खुर्चीतच झोपले, जेवायच्या आधी,
तोंड उघडं टाकून.

आल्मुट ओले मोजे रेडिएटरवर टाकत म्हणाली,
मी फक्त बघायला गेले होते,
रस्त्यावरून कसं दिसतं ते.
कसं दिसतं?
नाक खरं वाटतं, म्हणाली.