काळोखाचा आकडा

लष्करात, संस्थेच्या गच्चीवर, पहाटे पाचला
किल्ला अजून राखाडी असताना
आम्ही पेटीतून प्रमाण-मापी काढला.
वर्षातून चार दिवस त्याला ऊन दाखवायचं,
एरवी अंधारात, फेल्टमध्ये.
म्हणूनच त्याच्या शब्दाला किंमत.

शेजारी मांडला तो जैसलमेरहून परतलेला.
दोन वर्षं वाळूत एकटा उभा होता,
काचेच्या घुमटावर ओरखडे,
आतली निळी सिलिका गुलाबी पडलेली.
बुडबुडा वर्तुळाच्या मधोमध येईस्तोवर
मी स्क्रू फिरवत राहिले,
पाव आटा पुढे, अर्धा माघारी.

मग दोघांवर काळी टोपी.
आधी काळोख मोजायचा.
काहीच नसताना हा किती म्हणतो?
शून्य नाही. शून्य कुणीच म्हणत नाही.
शून्य पूर्णांक चार मिलिव्होल्ट, वहीत लिहिलं.
दिवसभर प्रत्येक आकड्यातून एवढं वजा.

तिरप्या उन्हाशी याचं जमत नाही.
आठ वाजता ते कडेकडेनं येतं, हा अर्धवटच ऐकतो;
डोक्यावर आलं की चोख.
"माणसंसुद्धा..." शितोळे सर म्हणाले, आणि थांबले.
त्यांना सुविचार आवडत नाहीत.

पलीकडच्या गच्चीवर सुर्वे वहिनी
कुरडया उलटत होत्या.
"आज किती?"
"बारा!" मी ओरडले.
"छे, काल जास्त होतं. काल एकलाच सुटल्या होत्या."
मागचं पान उघडलं.
काल जास्त होतं.

संध्याकाळी गुणोत्तर निघालं, नऊ टक्के कमी.
म्हणजे तिकडचं ऊन आम्ही
सौम्य लिहीत आलो. कोणत्या दिवसापासून?
कळायला मार्ग नाही.
सरळ रेषेत झिजला असं धरायचं.
'धरायचं' हा शब्द सर जरा हळू उच्चारतात.

गमछानं ते तोंड पुसतात, नाक सोडून.
नाकाच्या शेंड्यावर चार टाके.
एकतीस उन्हाळे याच गच्चीवर.
काढलेला तुकडा दिल्लीला गेलाय,
अहवाल यायचाय.

चिठ्ठीवर नवा गुणक लिहिला, तारीख, सही.
प्रमाण-मापी फेल्टमध्ये, फेल्ट पेटीत,
पेटीला कुलूप.
जिन्यापाशी सर वळले,
"वहिनी, परवा ऊन कसं?"
त्यांनी आभाळाकडे पाहिलंसुद्धा नाही.
"गहू भिजत घातलेत," म्हणाल्या.