खड्डा एकाचाच

मांजलपूरच्या रो-हाऊसमागे
जागा एका झाडापुरती,
बाकीची टाकीनं खाल्ली.

नर्सरीतले जशुभाई म्हणाले,
गरमाळो लई जाओ, बेन.
म्हणजे आपला बहावा.
मे महिन्यात अंगभर पिवळी झुंबरं,
आणि मग कितीतरी महिने
त्या काळ्या शेंगा,
पोरं ज्यांच्या तलवारी करतात.

मी तामण मागितलं.
त्यांच्या वहीत त्याला नावच नव्हतं :
'जांबली फूल, सित्तेर रुपिया.'
पाकळ्या अशा, की पिळून
झटकायची राहून गेलेली ओढणी.
पाणी मात्र फार पितं,
आणि नळ इथे सकाळी चाळीस मिनिटं.

यशोधन म्हणाला, आई, फोटोत बहावाच बरा.
सून म्हणाली, स्कूटर कुठे लावायची?

लग्न होऊन आले तेव्हा
शरयूची मी आठवड्यात सरयुबेन झाले.
कुणी विचारलंही नाही.

रोप मांडीवर घेऊन रिक्षात बसले.
'आ शेनुं झाड छे, माजी?'
तामण.
'टामण?'
ण तरी नीट आला.

तांदूळ धुतलेलं पाणी आता त्याचं.
बहावा काय,
पटेलांच्या गच्चीमागे आहे एक,
आमच्या मोरीतूनसुद्धा दिसतो.